कोमलला घराबाहेर कुणी काढलं

माझ्या सख्ख्या धाकट्या भावानं माझ्यावर पोरगी पळवल्याचा अर्ज दिला. होय, माझ्यावर! ज्याला मी कडेवर घेऊन अंगणवाडीत सोडलं, ज्याचा शेंबूड माझ्या परकराला पुसला, तो संदेश पोलिसांत जाऊन सांगतो की बहिणीनं माझी अल्पवयीन मुलगी फूस लावून नेली. हवालदारांनी फोनवर मला ते ऐकवलं तेव्हा माझ्या हातात कणकेचा गोळा होता. तो मी परातीत असा आपटला की शेजारी भाजी चिरत बसलेली सरुबाई दचकून उभीच राहिली.

फूस कसली, डोंबलाची? सतरा वर्षांची बारावी सायन्सची पोर ती. स्वतःच्या पायांनी चालत आली. वडगावला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे आणि वर आमच्या दोन खोल्या. भर दुपारी, डब्यांच्या गडबडीत, कोमल पाठीवर सॅक आणि हातात कपड्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, "आत्या, मी आता इथंच राहणार. तू परत पाठवलंस तर दुसरीकडं जाईन, पण तिथं जाणार नाही." मी तिला आधी पाणी दिलं आणि मग जेवायला वाढलं. यात मी काय गुन्हा केला ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

गल्लीतल्या बायकांना लगेच वास आला. कुणी मुलगा असेल, काहीतरी भानगड असेल, उगाच का पोरगी घर सोडते? मला इतका संताप आला! मुलगी घरातून निघाली म्हटल्यावर सगळ्यांना पहिला मुलगाच आठवतो. अगं बयांनो, ते घर तरी बघा आधी.

तर घराचंच सांगते. लोणावळ्याच्या पलीकडं, धरणाच्या अंगाला आमचं माहेर. वडील गेल्यावर संदेशनं जुनं कौलारू उतरवून तिथं चांगलं दुमजली घर बांधलं. वर गॅलरी, पुढं हिरवळ. कोमल तेव्हा सातवीत होती. वरची, डोंगराकडं खिडकी असलेली खोली तिला दिली. पोरगी नुसती हरखून गेली होती. टेबल इकडं लावू की तिकडं, पडदा कुठल्या रंगाचा, रोज मला फोटो पाठवून डोकं खायची.

मग शेजारच्या प्रितमनं त्याच्या घराला 'व्हिला' म्हणून पाटी लावली आणि शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या लोकांना द्यायला सुरुवात केली. ते बघून संदेशनंही दिलं. एकदाच देऊन बघू, म्हणाला. एकदाचं दोनदा झालं आणि मग दर आठवड्याला व्हायला लागलं. आता त्या वाडीत बहुतेक सगळ्यांचं तेच आहे. शुक्रवारी दुपारी तिथं गेलात तर दिसेल तुम्हाला. घरची माणसं आपले कपडे, दात घासायचे ब्रश, गोळ्या-औषधं गोळा करून मागच्या दारानं बाहेर पडतात आणि पुढच्या दारानं गाड्या आत येतात. याला ते 'मागं जाणं' म्हणतात. "आज दुपारच्याला मागं जायचंय," असं इतकं सहज म्हणतात, जणू बाजाराला निघालेत.

मागं म्हणजे पत्र्याची खोली. पूर्वी तिथं वडील कडबा ठेवायचे. त्या खोलीत संदेश, माझी भावजय माधवी आणि कोमल. भिंतीपलीकडं जनरेटर. संडास एकच, आणि तो पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठीही तोच. त्याच्या दाराची कडी तुटलेली. पोरगी आतून ओढणीनं दार बांधून घ्यायची. तिनं बापाला सांगितलं की बाबा, कडी लावा. तो म्हणाला, सोमवारी बघतो. सोमवारी ड्रायव्हर गेलेले असायचे, मग कशाला बघतोय!

धंदा करू नये असं मी म्हणत नाही. मीही धंदाच करते, दिवसभर चुलीपुढं भाजून निघते. पण मी माझी पोरं उठवून त्यांच्या अंथरुणात गिऱ्हाईक नाही झोपवलं कधी. आणि ही नुसती झोपायची गोष्ट नाही. कोमलला बर्फ नेऊन द्यायला लावायचे, ताटं नेऊन द्यायला लावायचे, का तर घरची माणसं वाढायला असली की पाहुण्यांना बरं वाटतं आणि ते मोबाईलवर पाच तारे देतात. पिऊन बसलेले बाप्ये म्हणायचे, छोटी, तूपण बस ना. संदेश हे ऐकायचा आणि हसायचा. हसायचा! मला हे कळलं त्या दिवशी तो समोर असता तर मी लाटणंच घातलं असतं त्याच्या डोक्यात.

शेवटी झालं ते असं. एका शुक्रवारी घाईत कोमलची प्रॅक्टिकलची जर्नल तिच्या टेबलाच्या खणात राहिली. वर्षभराचे प्रयोग, आकृत्या, सरांच्या सह्या, सगळं तिच्यात. पाहुण्यांना कोळसे पेटवायला कागद हवा होता. त्यांनी खण उघडला आणि जर्नल फाडून फाडून शेगडीत घातली. कोमलला कळलं तेव्हा पुठ्ठा तेवढा उरला होता. तो हातात घेऊन ती त्यांना जाब विचारायला गेली. तर माझ्या भावानं तिला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि त्या माणसांपुढं हात जोडले. "सॉरी सर, पोरीचं सामान काढायचं ऱ्हायलं, चूक आमची हाय." मग पोरीला म्हणाला, "गप ऱ्हा. रेटिंग खाली देतील."

सोमवारी ती कॉलेजला म्हणून निघाली आणि माझ्याकडं आली.

हवालदारांचा फोन ठेवला तसा माझा जीव टांगणीला लागला. कारण राग कितीही आला तरी पोरगी आपली नाही, भावाची आहे, हे मला कळत होतं. ॲडव्होकेट चंद्रिकाताई रोज दुपारी माझ्याकडं जेवायला येतात. मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं आणि तिथंच खुर्ची ओढून बसले.

"ताई, सतराव्या वर्षी पोरीला घर सोडता येतं का?"

"स्वतःच्या मर्जीनं, नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत आईवडील तिचे पालक. ते ठेवतील तिथं राहायचं."

"आणि त्यांनी कडब्याच्या खोलीत ठेवलं तर?"

"तर तिथं तिची नीट काळजी घेतली जात नाही, हे बालकल्याण समितीला पटवून द्यावं लागेल. समितीला वाटलं तर ती दुसरीकडं ठेवू शकते. नातेवाइकांकडंसुद्धा."

"म्हणजे बापानं तिला तिच्या खोलीतून दर आठवड्याला बाहेर काढायला कुणाला विचारायचं नाही आणि तिनं एकदा निघायचं तर सरकारला विचारायचं?" मी इतक्या जोरात बोलले की पलीकडच्या टेबलावरचे दोघं आमटी भुरकायचे थांबले.

"सारिकाताई, ओरडायचं तर कायद्यावर ओरडा. मी जेवायला आलेय," चंद्रिकाताई म्हणाल्या. पण ताट बाजूला सारून त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. कोमल आपणहून आली, मी तिला नेलं नाही, ही माझ्या बाजूची गोष्ट. पण म्हणून तिला गुपचूप ठेवून घेणं बरोबर नाही. आधी पोलीस ठाण्यात जाऊन पोरगी माझ्याकडं सुखरूप आहे असं सांगायचं, आणि मग तिला समितीपुढं न्यायचं. "तिचं म्हणणं ते ऐकतील," त्या म्हणाल्या, "पण ती म्हणेल तसंच करतील असं धरून चालू नका. तिचं भलं कशात आहे ते बघतील."

मी तसंच केलं. ठाण्यात जबाब दिला. पुण्याला जाऊन कोमलला समितीपुढं उभं केलं. चौकशी होईपर्यंत तिला माझ्याकडं राहू द्यायचं ठरलं आणि दोन्ही घरं बघायला अनघा मॅडम म्हणून एक अधिकारी नेमल्या.

त्या आधी माझ्याकडं आल्या. खाली फोडण्यांचा ठसका, मिक्सरची घरघर, वर दोन खोल्यांत आम्ही नवराबायको, माझी दोन पोरं आणि पाचवी कोमल. तिचं टेबल म्हणजे शिलाई मशीनवर ठेवलेली फळी. मॅडम एकेक कोपरा बघत होत्या. संदेशचं घर बघितल्यावर ह्या बाई म्हणणार, अहो, एवढा बंगला सोडून मुलगी इथं कशाला? पोरगी परत जाणार, त्या कडी नसलेल्या संडासाकडं परत जाणार, आणि वर मला पोरगी पळवणारी म्हणून शिक्का बसणार. मला रात्री झोप लागेना.

मग एका बुधवारी आम्ही माहेरी गेलो. मी आणि कोमल, दोघींनीही हजर राहायचं, असं मॅडमनी सांगितलं होतं. संदेश फाटकात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. घर असं चकाचक केलं होतं की विचारू नका. आत पाय ठेवताच त्यानं उंच ग्लासांत कोकम सरबत आणलं, वर पुदिन्याचं पान खोचलेलं. "या मॅडम, वेलकम," म्हणाला. बहिणीलाही म्हणाला, "या, वेलकम." माझ्याकडं बघून! मला तिथंच कळलं की ह्याला आता घर दाखवायचं म्हणजे एवढंच येतं. पाहुण्यांसाठी जशी तयारी करतो तशीच त्यानं केली होती. त्याच्या मनात खोटेपणा होता असंही नाही, त्याला खरंच वाटत होतं की यापेक्षा चांगलं घर ते कसलं असणार.

"ही कोमलची खोली," त्यानं वरचं दार उघडलं. पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर टॉवेलचे दोन राजहंस करून एकमेकांकडं तोंड करून बसवलेले. टेबलावर साबणाच्या इवल्या वड्या आणि कागदात गुंडाळलेल्या सपाता. बारावीच्या पोरीची खोली ही! मॅडमनी कपाट उघडलं. आत रिकामे हँगर आणि एक इस्त्री.

"कोमलचे कपडे कुठं आहेत?"

"ते... धुवायला टाकलेत."

"सगळे?"

कोमल खिडकीपाशी उभी होती. मला ओठ घट्ट मिटून धरावे लागले, कारण चंद्रिकाताईंनी बजावलं होतं की तिथं तोंड उघडायचं नाही.

खाली आलो. हॉलच्या कोपऱ्यात संगमरवरी देव्हारा आहे, वास्तुशांतीला मीच आणून दिलेला. मॅडमनी सहज हात जोडले आणि डोळे मिटले. उघडले तर समोर देव नव्हता. देव्हाऱ्यात गाणी लावायचा काळा स्पीकर होता आणि त्याच्याशेजारी बाटल्या उघडायची चावी.

"देव कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

संदेश काहीतरी जुळवायला लागला. पण माझी भावजय माधवी, जी तोवर पदर धरून भिंतीशी उभी होती, ती बोलली. "मागं हाईत."

"मागं म्हणजे?"

"पत्र्याच्या खोलीत. ही लोकं हितं मटण खात्यात, पित्यात, मग देव कसं ठिवायचं? दर शुक्रवारी पाटीत घालून न्यायचं आन् रविवारी परत मांडायचं. आता मधल्या वारीबी बुकिंग असतंया. मग ह्या वर्साला आणलंच न्हाई परत."

"आणि तुम्ही कुठं झोपता?"

"देवापाशीच, मॅडम. आमी बी आता तितंच." आणि ती बाई हमसून हमसून रडायला लागली. इतकी वर्षं मी तिला मनात नावं ठेवत होते, की आई असून ही मूग गिळून बसते. त्या दिवशी तिला जवळ घेतलं. काही म्हणा, पोरीआधी तिलाच घराबाहेर काढलं होतं, फक्त तिनं सॅक उचलली नव्हती.

मॅडमनी मागची खोली बघितली, जनरेटर बघितला, संडासाचं दार लावून बघितलं. ते आपोआप उघडलं. मग त्या बराच वेळ लिहीत बसल्या. संदेश त्यांच्यामागं मागं फिरत होता, "मॅडम, सरबत तसंच ऱ्हायलं."

समितीपुढं बोलावलं त्या दिवशी लोकलमध्ये मी कोमलला पढवत होते. घाबरू नकोस, विचारतील तेव्हा स्पष्ट सांग की मला आत्याकडं राहायचंय. ती हं हं करत बाहेर बघत होती. मला वाटलं, झालं, आता जिंकलोच आपण.

आत टेबलामागं समितीच्या अध्यक्षा बसल्या होत्या, पिकल्या केसांच्या, शांत आवाजाच्या. बाजूला इतर सदस्य. एका बाजूला संदेश आणि माधवी, दुसऱ्या बाजूला मी. अध्यक्षांनी अहवाल बाजूला ठेवला आणि कोमलला पुढं बोलावलं.

"बाळ, तुला कुठं राहायचंय? कुणाकडं बघू नकोस. तुझ्या मनातलं सांग."

"घरी," कोमल म्हणाली.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला तिचाही राग आला. एवढं सगळं केलं, ठाण्याची पायरी चढले, आणि ही म्हणते घरी! संदेशनं तर माझ्याकडं अशी मान उडवली की काय सांगू.

पण तिचं बोलून झालं नव्हतं. "माझ्या खोलीत," ती म्हणाली. "शनिवार-रविवारीसुद्धा. बाबांनी पाहुणे बंद करावेत असं मी म्हणत नाही. खालच्या खोल्या द्याव्यात. माझी तेवढी देऊ नये. आईनंही आतच झोपावं. आणि मागच्या संडासाला कडी लावावी. एवढं केलं तर मी आजच घरी जाते. मला आत्याकडं कायमचं जायचंच नव्हतं, पण घरी राहायला जागाच नव्हती."

पोरीनं मागितलं काय, तर स्वतःची खोली आणि एक कडी!

अध्यक्षा संदेशकडं वळल्या. "हे आम्ही तुमच्यावर लादू शकत नाही. घर कुणाला द्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवता. मुलीनं कुठं राहायचं एवढंच आमच्या हातात आहे. म्हणून विचारते. करता येईल ना एवढं?"

खरं सांगते, मी त्या घटकेला देवाला हात जोडले की ह्याला हो म्हणू दे. केस हरले तरी चालेल. लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणू दे. ह्याच्या तोंडून फक्त एक हो निघू दे. माधवी त्याचा शर्ट धरून ओढत होती. "व्हय म्हना की. अवो, व्हय म्हना."

संदेशनं खिशातून मोबाईल काढला. मला वाटलं, बुकिंग रद्द करतोय. तो अंगठ्यानं वर-खाली, वर-खाली करत राहिला, कपाळाला आठ्या घालून.

"थर्टी फर्स्टपर्यंत फुल हाय, मॅडम," तो म्हणाला. "आन् अख्खा बंगलाच जातो. एक खोली बंद ठिवली तर लोक येत न्हाईत." मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "पर जानेवारीतला दुसरा शनिवार मोकळा दिसतोय. त्यो मी कोमलला देतो. आत्ताच ब्लॉक करतो."

आणि तो खरंच करायला लागला, तिथंच, सगळ्यांसमोर, जीभ ओठात धरून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खुर्ची मागं ढकलून मी उठले, म्हटलं आता ह्याला धरून हलवते, ह्याच्या तोंडावर सांगते तू काय केलंस ते. पण कोमलनं माझ्याकडं बघून मान हलवली आणि मी तशीच उभी राहिले.

"एकच शनिवार, बाबा?" तिनं विचारलं.

"सध्या," तो म्हणाला. त्याची नजर मोबाईलवरच होती.

कोमल अध्यक्षांकडं वळली.

"लिहा आत्याचं नाव."